जुन्या मोटारसायकलीला एलईडी इंडिकेटर बसवताय? तार तोडण्याआधी हे वाचा

चारही जुने बल्ब काढले, एलईडी इंडिकेटर लावले, तारा रंगाला रंग जोडल्या, किल्ली फिरवली आणि डावीकडचं बटण सरकवलं. चारही दिवे पेटले आणि पेटलेलेच राहिले. ना डावं-उजवं, ना लुकलुक. मला वाटलं, कुठेतरी शॉर्ट झालंय. टाकी उतरवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, चाचपण्यात तीन संध्याकाळी गेल्या. शॉर्ट कुठेच नव्हतं. जुना बल्ब काय काय कामं करतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून आधी तेच सांगतो. जुन्या गाडीतला इंडिकेटरचा बल्ब उजेड तर देतोच, पण गुपचूप आणखी दोन कामं करतो. एक, तो भरपूर करंट ओढतो, आणि जुना फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी) त्या करंटच्या जिवावरच उघडमीट करतो. दोन, बऱ्याच गाड्यांत मीटरजवळच्या छोट्या इंडिकेटर दिव्याला अर्थ (म्हणजे चॅसीतून बॅटरीकडे जाणारी करंटची वाट) मिळतो तो या बल्बांमधूनच. बल्ब काढला की ही दोन्ही कामं बेवारस होतात. ती कोणावर सोपवायची हे ठरलं की बाकी सगळं काम एका दुपारचं आहे.

एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. हिशोब करून बघा. २१ वॅटचे दोन बल्ब आणि मीटरमधला ३ वॅटचा, असे ४५ वॅट झाले. १२ व्होल्टला ते होतात पावणेचार अँपिअर. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचा लुकासचा ई३एल डायनामो सगळा मिळून ६० वॅटचा, आणि तेही इंजिन चांगलं फिरत असताना. हेडलाइट लावून आयडलवर उभं राहिलं की इंडिकेटर पेंगतात ते यामुळेच. एलईडीची जोडी दोन-चार वॅटमध्ये भागते.

‘जुन्या गाडीला एलईडी शोभत नाही’ म्हणणारे भेटतील. दिसणारा प्रकाश देणारा पहिला व्यवहार्य एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या गाडीपेक्षा तो वयाने मोठाच आहे. वाद घालायचाच असेल तर हे लक्षात ठेवा.

## १. आधी गाडी ओळखा

काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी मल्टिमीटरने तपासा. अंदाज नको, आणि ‘मागचा मालक म्हणाला होता’ हे तर मुळीच नको.

व्होल्टेज किती? बॅटरी ६ व्होल्टची की १२? १२ व्होल्टसाठी बनवलेला एलईडी ६ व्होल्टवर मंद पेटेल असं वाटतं, पण तो बहुधा पेटतच नाही. आत तीन एलईडी ओळीने जोडलेले असतात आणि अंबर (नारिंगी-पिवळ्या) रंगाच्या प्रत्येकाला साधारण दोन व्होल्ट लागतात. सहा तिथेच संपले. तेव्हा ६ व्होल्टची गाडी असेल तर एलईडी आणि फ्लॅशर दोन्ही ६ व्होल्टचेच शोधा.

अर्थ कुठला? बॅटरीची कुठली तार चॅसीला जाते ते डोळ्यांनी बघा. जपानी गाड्यांत निगेटिव्ह जाते. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बहुतेकींत पॉझिटिव्ह. बल्बला याचं सोयरसुतक नसतं, तो दोन्ही बाजूंनी पेटतो. एलईडी एकाच दिशेने पेटतो. पॉझिटिव्ह अर्थची गाडी असेल तर पुढे प्रत्येक पायरीवर थोडं उलटं वागावं लागेल, ते त्या त्या ठिकाणी सांगतो. गाडीच निगेटिव्ह अर्थ करून टाकणं हाही एक मार्ग आहे, पण ते वेगळं काम आहे. चार्जिंगमधले रेक्टिफायर आणि झेनर डायोड दोघांनाही दिशा असते, आणि डायनामोला नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते. इंडिकेटरच्या निमित्ताने त्यात हात घालू नका.

चार्जिंग ठीक आहे का? १२ व्होल्टच्या अल्टरनेटरवाल्या गाडीत इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास धरून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदा आलं तर उत्तम. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलेला आहे, आधी तो दुरुस्त करा. बल्ब थोडं जास्त व्होल्टेज मुकाट्याने सोसतो, एलईडी सोसत नाही. याच कारणासाठी, एलईडी लावल्यावर बॅटरी काढून इंजिन चालवण्याचा प्रयोग कधीही करू नका.

## २. काय काय जमवायचं

- तुमच्याच मॉडेलचा, तुमच्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. मोठ्या कागदावर छापून घ्या, त्यावर पेनाने खुणा करायच्या आहेत.
- मल्टिमीटर. सोबत टेस्ट लॅम्प असला तर फारच छान.
- बुलेट कनेक्टर (तारा जोडायची गोळीच्या आकाराची टोकं) आणि ते दाबायची क्रिम्पिंग पक्कड. जपानी आणि ब्रिटिश बुलेटांचे व्यास वेगळे असतात, त्यामुळे घेताना जुना एक कापून नमुन्याला न्या.
- ०.७५ चौरस मिलिमीटरची तार दोन-तीन रंगांत, हीट श्रिंक ट्यूब, कापडी हार्नेस टेप.
- एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर.
- १ अँपिअरचे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. १एन४००७ म्हणून मागितलेत की मिळतात. तीन-चार घ्या, एखादा हातून मोडतोच.
- तारेत बसणारा छोटा फ्यूज होल्डर आणि ३ अँपिअरचा फ्यूज.
- नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. जुन्या जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, प्रकारचे. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाचा सोलून काढतं. पन्नास वर्षं न हललेला, हँडलवरच्या स्विचच्या खोळीचा स्क्रू असा सोलला गेला की ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नाही. जेआयएसचा ड्रायव्हर वेगळा घ्या. मी नंतर घेतला.

## ३. इंडिकेटर निवडताना

दोन वाटा आहेत. जुनी खोळ तशीच ठेवून आत फक्त एलईडी बल्ब घालायचा, किंवा अख्खा इंडिकेटर बदलायचा. गाडीचं जुनं रूप जपायचं असेल तर पहिली वाट. माझं मतही तिच्याच बाजूने आहे. काड्यापेटीएवढे काळे इंडिकेटर क्रोमच्या मडगार्डवर बघवत नाहीत.

बल्ब बदलणार असाल तर बूड बघा. २१ वॅटच्या जुन्या बल्बचं बूड बहुतेक वेळा बीए१५एस असतं, म्हणजे दोन्ही पिना समोरासमोर. बीएयू१५एसच्या पिना तिरक्या असतात, तो या होल्डरमध्ये बसत नाही. लांबीही मोजा, कारण काही एलईडी बल्ब इतके लांब असतात की काच लावताना टोक अडतं. आणि ज्याच्या बाजूंनाही एलईडी आहेत असाच बल्ब घ्या. जुनी खोळ रिफ्लेक्टरवर अवलंबून असते. फक्त टोकाला एलईडी असेल तर रिफ्लेक्टर अंधारात राहतो आणि मधोमध एक ठिपका तेवढा दिसतो. काच अंबर असेल तर आतला एलईडीही अंबरच हवा. पांढरा घातला तर उजेड फिका, लिंबाच्या सालीसारखा दिसतो.

पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनो, बल्बचं धातूचं बूड म्हणजेच अर्थ. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं स्पष्ट लिहिलेला बल्बच घ्या. अख्खा इंडिकेटर घेणार असाल तर ज्याच्या दोन्ही तारा बाहेर येतात आणि दांडीला आतून काहीही जोडलेलं नाही असा घ्या.

अख्खा इंडिकेटर घेताना काचेवरच्या खुणा वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मंजूर झालेल्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो. मोटारसायकलच्या पुढच्या इंडिकेटरसाठी ११ आणि मागच्यासाठी १२ ही श्रेणी लिहिलेली असते. त्याच नियमावलीत पुढच्या दोन दिव्यांमध्ये किमान २४० मिलिमीटर, मागच्या दोघांत किमान १८० मिलिमीटर अंतर आणि जमिनीपासून उंची ३५० ते १२०० मिलिमीटर असं सांगितलंय. तुमच्याकडे कुठला नियम लागू आहे ते गाडी तपासणीआधी बघून घ्या. अमेरिकेतलं अंतर याहून जास्त आहे.

## ४. फ्लॅशर: खरा घोळ इथेच

जुना फ्लॅशर म्हणजे बहुधा अॅल्युमिनियमची छोटी डबी, दोन पिनांची. आत एक धातूची पट्टी असते. बल्बांचा करंट तिच्यातून गेला की ती तापते, वाकते, संपर्क बदलतो, मग गार होऊन परत येते. ही टिकटिक म्हणजे खरं तर उष्णतेचा खेळ. एलईडीच्या पाव अँपिअरने पट्टीला कोमटपणाही येत नाही. म्हणून दिवे नुसते पेटून राहतात, काही फ्लॅशरांत पेटतच नाहीत. काही गाड्यांत थोडा नव्या जातीचा फ्लॅशर असतो, तो कमी करंट बघून ‘बल्ब गेला’ असं समजतो आणि दुप्पट वेगाने फडफडतो.

यावर दुकानात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे लोड रेझिस्टर. ६.८ ओहमचा एक रेझिस्टर प्रत्येक बाजूला लावायचा, तो २१ वॅटच्या बल्बएवढा करंट ओढतो आणि जुना फ्लॅशर फसतो. चालतं, खोटं नाही. पण ज्या करंटची बचत करायला निघालो तोच पुन्हा वाया घालवायचा, हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. शिवाय १४ व्होल्टला हा रेझिस्टर सुमारे २९ वॅटची उष्णता ओकतो. मी तो केबल टायने बांधून साइड कव्हरच्या आत लपवला होता. एका मोठ्या वळणानंतर इंडिकेटर बंद करायला विसरलो. घरी येऊन पाहिलं तर कव्हरला आतून तेवढ्याच आकाराचा फोड आला होता.

तेव्हा फ्लॅशरच बदला. तीन पिनांचा घ्यावा, असं माझं मत आहे. त्याला स्वतःचा अर्थ मिळतो, त्यामुळे दिवा कितीही कमी करंट ओढो, त्याची लय बदलत नाही. दोन पिनांचे एलईडी फ्लॅशरही चालतात, पण त्यांना आपला खुराक दिव्यांमधूनच घ्यावा लागतो, म्हणून काहींत एलईडी बंद असतानाही मंद धुगधुगतात.

पिनांची नावं अशी: ‘बी’ किंवा ‘४९’ म्हणजे किल्लीकडून येणारा करंट, ‘एल’ किंवा ‘४९ए’ म्हणजे स्विचकडे जाणारा, ‘ई’ किंवा ‘३१’ म्हणजे अर्थ. पिनेची जागा बघून तार लावू नका, अक्षर बघून लावा. जुन्या फ्लॅशरवर जिथे ‘बी’ होता तिथेच नव्यावर ‘एल’ असू शकतो. ‘ई’ची तार नवीन ओढावी लागेल. ती चॅसीच्या रंग खरवडलेल्या जागी, वॉशरखाली घट्ट बसवा. फ्लॅशर रबरी पट्ट्यातच लटकवा, जुनी इंजिनं थरथरतात.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तीन पिनांचा साधा फ्लॅशर चालत नाही. तिथे पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलेला घ्या, किंवा दोन पिनांचा घेऊन त्याच्या दोन्ही तारांची अदलाबदल करा.

## ५. तारा ओळखा

हेडलाइट उघडा. आत तारांचं घरटं असेल. तोडण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी, भरपूर उजेडात.

सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत सहसा हे रंग सापडतात:

- होंडा: डावी नारिंगी, उजवी फिकट निळी, फ्लॅशरकडून स्विचला करडी, अर्थ हिरवी.
- यामाहा: डावी गडद चॉकलेटी, उजवी गडद हिरवी, फ्लॅशरकडून तपकिरी-पांढरी, अर्थ काळी.
- कावासाकी: डावी हिरवी, उजवी करडी, फ्लॅशरकडून नारिंगी, अर्थ काळी-पिवळी.
- सुझुकी: डावी काळी, उजवी फिकट हिरवी, फ्लॅशरकडून फिकट निळी, अर्थ काळी-पांढरी.
- ब्रिटिश गाड्या: डावी हिरवी-लाल, उजवी हिरवी-पांढरी, फ्लॅशरकडून फिकट हिरवी-तपकिरी, अर्थ लाल.

पुन्हा एकदा वाचा. हिरवी तार एका कंपनीत अर्थ, दुसरीत डावा इंडिकेटर. काळी एकीकडे अर्थ, दुसरीकडे करंट. आणि ब्रिटिश गाडीतली लाल तार चक्क चॅसीला! एका गाडीवर शिकलेलं दुसऱ्या गाडीवर आंधळेपणाने लावू नका. शिवाय पन्नास वर्षांत कुणी ना कुणी मधेच मिळेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतोच. बॅटरी जोडलेली, स्विच डावीकडे, टेस्ट लॅम्प हातात, असं प्रत्येक तारेची खात्री करून तिला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. त्यानंतरच बॅटरी काढा.

नव्या इंडिकेटरच्या तारांवरही विश्वास नको. काळी म्हणजे अर्थ असा समज आहे, पण तो पाळायलाच हवा असं सगळ्यांना वाटत नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीला टेकवून बघा. बहुतेक एलईडी इतक्यावर पेटतात. पेटला त्या बाजूची पॉझिटिव्ह तार खुणेने पक्की करा.

जुने बुलेट हिरवे पडलेले असतील तर घासत बसू नका, कापून नवे लावा. फ्लॅशरच्या ‘बी’ तारेत फ्यूज होल्डर घाला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एकच काचेचा फ्यूज असतो. त्यावर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते फ्यूज उडण्याचं माप, सतत वाहण्याचं माप त्याच्या निम्मं. ते वाचून कुणी आजच्या पद्धतीचा ३५चा ब्लेड फ्यूज लावला असेल तर आधी वायर जळेल, मग फ्यूज.

## ६. बसवणं

पोकळ दांडीच्या आतल्या कडा धारदार असतात. गोल कानशीने त्या मारून घ्या, नाहीतर थरथरीने तारेचं आवरण सोलवटतं. नट आवळताना दांडी एका हाताने घट्ट धरा आणि फक्त नट फिरवा. दांडी फिरली की आत तार पिळली जाते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि दिवा महिन्याभराने मरतो. नटावर थोडं थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद.

आता अर्थ. जुन्या गाड्यांत पुढच्या इंडिकेटरचा अर्थ हेडलाइटच्या खोळीतून, तिथून फोर्कमधून आणि शेवटी स्टीअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून चॅसीत जातो. मधे कुठे रबर आलं, कुठे पावडर कोटिंग झालं, की वाट बंद. मागच्या मडगार्डचंही तेच. चारही दिव्यांना अर्थची स्वतंत्र तार द्या आणि त्या चॅसीवर एकाच बोल्टखाली आणा. पुढची तार ओढल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ताण आला तर सैल वेटोळं ठेवा.

## ७. मीटरमधला एक दिवा आणि दोन डायोड

चारही दिवे एकदम पेटण्याचा माझा गुन्हेगार इथे लपला होता. मीटरजवळ डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र दिवे असतील तर हा भाग सोडून द्या. एकच दिवा असेल तर नीट वाचा.

त्या एका दिव्याचं एक टोक डाव्या तारेला असतं आणि दुसरं उजव्या तारेला. अर्थला कुठलंच नाही. डावीकडे करंट आला की तो या दिव्यातून उजव्या तारेत जातो आणि उजव्या बल्बांमधून अर्थ गाठतो. २१ वॅटच्या थंड फिलामेंटचा रोध एका ओहमच्याही आत असतो, त्यामुळे उजवा बल्ब पेटत नाही, नुसती वाट देतो. त्याच्या जागी एलईडी आला की तेवढासा करंट त्याला पेटायला पुरेसा होतो. झालं, डावीकडचे आणि उजवीकडचे सगळेच पेटतात, आणि मीटरमधला मात्र विझलेला किंवा अगदी मंद. फ्लॅशर बदला, इंडिकेटर बदला, काही फरक पडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उपाय असा. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही तारा सोडवा. डाव्या तारेला एक डायोड, उजव्या तारेला दुसरा. डायोडच्या काळ्या अंगावर एका टोकाला चंदेरी पट्टा असतो. ती पट्ट्याची दोन्ही टोकं एकत्र जोडून दिव्याच्या एका तारेला द्या, दिव्याची दुसरी तार अर्थला. करंट दोन्हीकडून दिव्यात येऊ शकतो, पण एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत दोन्ही डायोड उलटे: पट्टा इंडिकेटरच्या तारेकडे.

सोल्डर करताना डायोडचे पाय मुळाशी वाकवू नका, दोन-तीन मिलिमीटर सोडून वाकवा. प्रत्येकावर वेगळी श्रिंक ट्यूब, मग दोघांवर मिळून एक मोठी, आणि मग हा लहानसा गठ्ठा हार्नेसला टेपने बांधून हेडलाइटच्या खोळीत.

## ८. चालू करून बघताना

बॅटरी जोडा, इंजिन बंद ठेवा, किल्ली फिरवा. एकेक बाजू लावून दहा सेकंदांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. दहा ते वीसच्या मधे हवं, म्हणजे मिनिटाला ६० ते १२०.

एका बाजूचा एकच दिवा पेटत नसेल तर त्याच्या तारा उलट्या लागल्यात. दोन्ही बाजू नुसत्या पेटून राहत असतील तर फ्लॅशरचा अर्थ तपासा. इंजिन चालू केल्यावरच गडबड होत असेल तर चार्जिंगकडे परत जा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होत असेल तर मागच्या मडगार्डचा अर्थ कच्चा आहे.

मग गाडी भर उन्हात उभी करा, दहा पावलं मागे जा, आणि तिथून बाजूला सरकत तिरकं बघा. स्वस्त एलईडी समोरून डोळे दिपवतात आणि चार पावलं बाजूला गेलं की दिसेनासे होतात. शेजारच्या लेनमधला माणूस तिथेच असतो. दिसत नसेल तर परत करा, दुसरे आणा.

जुना फ्लॅशर आणि बल्ब एका डबीत घालून ठेवा, टाकू नका. केलेले बदल वायरिंग डायग्रामवर लाल पेनाने काढा, डायोडची जागा आणि दिशा दोन्ही दाखवा, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली सरकवा. डायोड टेपच्या आत दडलेले असतात. पाच वर्षांनी मीटरचा दिवा गेला तर ते कुठे बांधलेत हे तुम्हालाही आठवणार नाही.